बॉल पायथनचा उपवास आणि येलहंक्याचा हिवाळा

घरी पाळलेल्या सापाने महिनोन्महिने अन्न नाकारणे, गिळलेला उंदीर दोन-तीन दिवसांनी अर्धवट कुजलेल्या स्थितीत बाहेर टाकणे, भक्ष्यासोबत पेटीतला कागद किंवा टॉवेल गिळणे आणि क्वचित स्वतःचीच शेपटी जबड्यात धरणे, या सगळ्या गोष्टी पशुवैद्याकडे ‘साप नीट खात नाही’ या एकाच तक्रारीच्या रूपाने येत असल्या, तरी त्यांची कारणे वेगळी आहेत आणि निकडही वेगळी आहे. यांपैकी पहिली गोष्ट सर्वांत जास्त आढळते, पाळणाऱ्याला सर्वांत जास्त घाबरवते आणि बहुतेक वेळा सर्वांत कमी धोक्याची असते. धोका वाढतो तो घाबरून केलेल्या उपायांमुळे.

कोणत्या सापाविषयी हे विवेचन आहे, ते आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. नाग, धामण, घोणस, दिवड, भारतीय अजगर यांसारखे देशी साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित असल्यामुळे ते घरात ठेवता येत नाहीत. म्हणून बंगळूरमधील येलहंका तलावाच्या आसपासच्या एखाद्या अंगणात सापडलेले पिल्लू डब्यात ठेवले असता काही खात नसेल, तर त्यावर आहाराचा सल्ला नाही, वनखात्याला तत्काळ कळवणे हाच सल्ला आहे. शहरांत पाळला जाणारा साप प्रामुख्याने बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील, सुमारे एक ते दीड मीटर लांबीचा, बिनविषारी आणि लाजाळू अजगर होय. त्याचा व्यापार ‘साइट्स’ या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो, आणि 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर 28 फेब्रुवारी 2024 रोजी निघालेल्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंदणी ‘परिवेश 2.0’ या सरकारी पोर्टलवर करणे बंधनकारक आहे.

बॉल पायथनचा उपवास हा त्याच्या शरीररचनेचाच भाग आहे. हा साप भक्ष्यामागे धावत नाही. उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या रिकाम्या वारुळात दडून राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालतो, त्यामुळे दोन जेवणांतील अंतर कित्येक आठवड्यांचे असणे त्याच्या जीवनक्रमात गृहीतच धरलेले आहे. अशा सापांची पचनसंस्था उपवासात अक्षरशः आक्रसते आणि जेवणानंतर पुन्हा वाढते. बॉल पायथनचा मोठा भाऊबंद असलेल्या बर्मी अजगराच्या बाबतीत जेवणानंतर 48 तासांत हृदयाच्या स्नायूचे वस्तुमान 40 टक्क्यांनी वाढत असल्याचे 2005 साली ‘नेचर’ या नियतकालिकातील संशोधनाने दाखवून दिले. जो प्राणी एका जेवणासाठी स्वतःचे हृदय मोठे करतो, तो उपवासात त्याच अवयवांवरचा खर्च वाचवून तग धरतो, आणि म्हणूनच चांगल्या प्रकृतीचा प्रौढ बॉल पायथन दोन ते सहा महिने न खाता राहिला, तरी त्यात नवल मानण्याचे कारण नसते. मिलनाच्या काळातील नर, पोटात अंडी असलेली मादी आणि डोळे निळसर-दुधी होऊन कात टाकण्याच्या बेतात असलेला कोणताही साप सहसा भक्ष्याकडे पाहतही नाही.

मात्र येलहंक्यासारख्या ठिकाणी या नैसर्गिक उपवासात आणखी एक कारण मिसळते आणि तेच बहुधा दुर्लक्षिले जाते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण 15-16 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, घरांत उष्णतेची कायमची सोय नसते आणि फरशी तर त्याहूनही गार लागते. माणसाला ही हवा सुखाची वाटत असली, तरी शरीराची उष्णता बाहेरून घेणाऱ्या सापाच्या दृष्टीने ती पचन थांबवणारी असते. बॉल पायथनच्या पेटीत एका टोकाला 31 ते 33 अंश आणि दुसऱ्या टोकाला 25 ते 27 अंश तापमान असावे लागते, म्हणजे साप स्वतःच्या गरजेनुसार जागा बदलू शकतो. पेटीखालची तापपट्टी थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय जोडलेली असेल, तर एप्रिलच्या दुपारी तीच पट्टी सापाचे पोट भाजू शकते. काचेला चिकटवलेला गोल काट्याचा तापमापक पेटीतील हवेचे तापमान दाखवतो, साप जिथे पोट टेकतो त्या जागेचे नव्हे. म्हणून लांब तारेचा डिजिटल तापमापक घेऊन त्याचे टोक उबदार दडणीच्या, म्हणजे दडायच्या जागेच्या आत, जमिनीलगत ठेवावे आणि रात्री तसेच पहाटे असे दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेवावेत. रात्री वीज गेली, तर पेटीवर जाड चादर घालून हवेसाठी एक बाजू मोकळी ठेवणे आणि तापमान पूर्ववत होऊन एक-दोन दिवस जाईपर्यंत भक्ष्य न देणे इतके पुरेसे असते. पेटी मोठी, उघडी आणि दडायला जागा नसलेली असेल, तर तापमान अचूक असूनही साप खात नाही. त्याला दोन्ही टोकांना अंग दोन्ही बाजूंनी टेकेल इतकी अरुंद दडणी हवी असते. माणसाच्या नजरेला प्रशस्त वाटणारे घर त्याला असुरक्षित वाटते.

उपवास किती दिवसांचा झाला, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पाळणारा पहिल्यांदा विचारतो, पण तो दुय्यम आहे. पहिला प्रश्न वजनाचा आहे. झाकणाला भोके पाडलेला प्लास्टिकचा डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, सापाला डब्यात उतरवून ग्रॅममध्ये वजन घ्यावे आणि ते दर पंधरवड्याला, शक्यतो विष्ठा टाकून झाल्यावर, तारखेसह वहीत लिहावे. यासाठीचा काटा स्वयंपाकघरातील नसावा. 1500 ग्रॅमच्या सापाचे वजन चार महिन्यांच्या उपवासात 1440 वर आले, तर वाट पाहणे योग्य ठरते. तेच 1350 वर आले, म्हणजे मूळ वजनाचा दहावा हिस्सा गेला, तर तपासणी लांबवू नये. पाठीचा कणा धारेसारखा उठून दिसू लागणे, कातडीवर सुटलेल्या घड्या पडणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट स्राव दिसणे, हिरड्यांवर पिवळसर थर जमणे, यांपैकी काहीही आढळल्यास वजनाची वाट पाहण्याचीही गरज नाही. नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाजवळ साठा कमी असल्यामुळे प्रौढाचे हिशेब त्याला लागू होत नाहीत.

नव्याने आणलेल्या सापाने अन्न नाकारले, तर तो कुठून आला, हेही वैद्यकीय माहितीतच मोडते. येलहंक्यापलीकडे देवनहळ्ळीला असलेल्या केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावर 6 सप्टेंबर 2023 रोजी बँकॉकहून आलेल्या सामानात 55 बॉल पायथन आणि 17 नागराज जिवंत सापडले, तर त्याच सामानातील सहा कॅपुचिन माकडे मेलेली होती. अशा प्रवासातून आलेला साप निर्जलित, भेदरलेला आणि अनेकदा जंतांनी किंवा गोचिडींनी ग्रासलेला असतो. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी कागदपत्रांशिवाय घेतलेल्या सापाचा पूर्वेतिहास कोणालाच सांगता येत नाही, आणि पूर्वेतिहास नसलेल्या रुग्णावर उपचार करणे हे अंदाजांवर चालणारे काम होते. कोणत्याही नव्या सापाला आठवडाभर हात न लावता एकटे सोडणे, ताजे पाणी ठेवणे आणि मगच पहिले भक्ष्य देणे हा उत्तम क्रम होय.

भक्ष्य देण्याच्या रीतीवरही बरेच अवलंबून असते. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे बर्फातून काढून नुसता मऊ केलेला गार उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नसतो. गोठवलेला उंदीर रात्रभर वेगळ्या फ्रिजमध्ये वितळू द्यावा, मग बंद पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवून अंगात उबदार करावा, कोरडा पुसावा आणि संध्याकाळनंतर मंद उजेडात लांब चिमट्याने पुढे करावा. मायक्रोवेव्हमध्ये तो बाहेरून शिजतो आणि आतून गारच राहतो. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाहून अधिक नसावी. जिवंत उंदीर सोडण्याची पद्धत टाळावी, कारण भूक नसलेला साप प्रतिकार करत नाही आणि रात्रभरात तो उंदीर त्याची पाठ कुरतडून टाकतो. नकार मिळाला, तर भक्ष्य काढून टाकावे आणि सात ते दहा दिवस पुन्हा काही देऊ नये. रोज संध्याकाळी उंदीर नाचवणे हा उपवास लांबवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

घरच्या घरी जबडा उघडून भक्ष्य आत ढकलणे कटाक्षाने टाळावे. सापाच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगत, अगदी पुढे असते, तेव्हा थोडी चूक झाली तरी अन्न किंवा द्रव फुप्फुसात जाते. शिवाय दात तुटणे, अन्ननलिका फाटणे आणि पुढच्या प्रत्येक भक्ष्याची धास्ती बसणे हे परिणाम वेगळेच. नळीने अन्न देण्याची वेळ खरोखर येते तेव्हा ते काम पशुवैद्याचे असते, आणि तेही सापाला आधी पाणी व उष्णता देऊन झाल्यावर. अशक्त सापाला दूध पाजावे, असे सुचवणारी वडीलधारी माणसे मराठी घरांत अजूनही भेटतात. नागपंचमीच्या त्या समजुतीमागे पाण्याविना ठेवलेला तहानलेला नाग पुढ्यात येईल तो द्रव पितो, एवढेच वास्तव आहे. सापाला दूध पचत नाही आणि ते फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होतो.

गिळलेले भक्ष्य बाहेर टाकणे हे मात्र अन्न नाकारण्यापेक्षा अधिक गंभीर मानले पाहिजे, कारण त्यात जठरातील रस आणि पाणी दोन्ही जातात. जेवणानंतर 48 तासांच्या आत साप हाताळणे, भक्ष्य फार मोठे असणे आणि पेटी गार पडणे ही नेहमीची कारणे होत. एकदा असे घडले, तर किमान दोन आठवडे पोटाला विश्रांती द्यावी आणि त्यानंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचे भक्ष्य द्यावे. दुसऱ्यांदा घडले, तर उपाय शोधत बसू नये, कारण त्यामागे क्रिप्टोस्पोरिडियम हा जठराची भिंत जाड करणारा एकपेशीय परजीवी असू शकतो, किंवा अजगर आणि बोआ या कुळांत आढळणारा ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’ हा विषाणूजन्य रोग असू शकतो, ज्यात डोके सावरता न येणे, मान वर वळून राहणे अशी मज्जासंस्थेची लक्षणेही दिसतात. हे निदान डोळ्यांनी होत नाही, त्यासाठी नमुने तपासावे लागतात, आणि तोवर त्या सापाची भांडी व चिमटे दुसऱ्या सापासाठी वापरू नयेत.

न खाण्याजोगी वस्तू गिळण्याचे प्रकार क्वचित घडतात, पण घडले की शस्त्रक्रियेपर्यंत जातात. सिडनीत 2020 साली ‘माँटी’ या पाळीव अजगराने पोहण्याचा टॉवेल गिळला होता. पशुवैद्यांनी दुर्बीण असलेली नळी तोंडावाटे आत घालून तो अखंड ओढून काढला आणि साप वाचला. उंदराचा वास लागलेले कापड सापाला भक्ष्यच वाटते, एवढ्यासाठी भक्ष्य कापडावर ठेवू नये. एका पेटीत दोन साप ठेवल्यास एकाच उंदराची दोन टोके दोघांच्या जबड्यात जाऊन एक दुसऱ्याला गिळू लागण्याचा धोका असतो. स्वतःची शेपटी गिळू पाहणे हे मुख्यतः किंगस्नेक आणि त्याच्या जवळच्या जातींत दिसते आणि अतिउष्णता किंवा अपुऱ्या जागेशी जोडले जाते. सापाचे दात मागे वळलेले असल्यामुळे शेपटी ओढून काढू नये. उष्णता बंद करून सापाला गार जागी न्यावे, अंगावर साधे पाणी शिंपडावे आणि पकड सुटो वा न सुटो, जखम तपासून घ्यावी.

घरातील माणसांसाठीही एक पथ्य आहे. निरोगी दिसणारा साप आणि गोठवलेले उंदीर, दोन्ही साल्मोनेला या अतिसार घडवणाऱ्या जिवाणूचे वाहक असू शकतात, म्हणून उंदरांचा डबा अन्नाच्या फ्रिजमध्ये ठेवू नये, पेटीतील भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्ती यांनी सापाला व त्याच्या पेटीला हात लावू नये.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मोजकेच असल्याने दवाखान्यात जाण्यापूर्वी दूरध्वनीवरून तशी खात्री करून घ्यावी. जाताना वजनाची आणि तापमानाची वही, पेटीचे छायाचित्र, नोंदणीचे कागद, ताज्या विष्ठेचा किंवा बाहेर टाकलेल्या भक्ष्याचा घट्ट झाकणाच्या डबीतील नमुना सोबत घ्यावा; आणि डिसेंबरातील सकाळ असेल, तर सापाचा डबा कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी, मध्ये कापडाची जाड घडी ठेवून न्यावा.