आवाज उजवीकडे का सरकला? (मॉनिटर कंट्रोलर घेण्यापूर्वी)

गॅदरिंगच्या थीम साँगचं मिक्सिंग मी होस्टेलच्या रूमवर केलं. रात्री अकरानंतर आणि रेक्टर सरांच्या धाकाने अगदी हळू आवाजात. गायिकेचा आवाज थोडा उजवीकडे वाटत होता, म्हणून मी तो डावीकडे पॅन केला. कार्यक्रमात हॉलच्या स्टिरिओ सिस्टिमवर गाणं लागलं आणि बाईसाहेब चक्क डाव्या स्पीकरशेजारी उभ्या! "मला कोपऱ्यात का उभं केलंस?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोष निघाला मॉनिटर कंट्रोलरमध्ये. ऑडिओ इंटरफेस आणि पॉवर्ड स्पीकर यांच्यामध्ये बसणारी, मोठ्या नॉबची ही पेटी. तिचं मुख्य काम आवाज कमी-जास्त करणं. त्या नॉबमागे एकाच दांड्यावर डाव्या-उजव्या चॅनेलचे वेगवेगळे पोटेंशिओमीटर असतात. ते अगदी सारखे बनत नाहीत, आणि नॉब शून्याजवळ असताना हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

खात्री कशी केली ते सांगतो. १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह लावून कंट्रोलरचे दोन्ही आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडले. नॉब घड्याळातल्या बाराच्या जागी असताना दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. आठच्या जागी आणल्यावर डावी बाजू ३ डेसिबलने कमी! इनपुटच्या केबल्स अदलाबदल केल्या तर फरकही दुसऱ्या इनपुटवर गेला, म्हणजे इनपुट निर्दोष. (हे मल्टिमीटरने मोजायला जाऊ नका. स्वस्त मीटरला एसीचे पाच-दहा मिलिव्होल्ट नीट दिसत नाहीत.)

उपाय फुकटचा निघाला. स्पीकरच्या मागचा गेन कमी केला, आता तेवढाच आवाज मिळवायला नॉब बारा ते दोनच्या दरम्यान ठेवावा लागतो.

मग संगणकातच आवाज कमी का करू नये? करता येतो. २४ बिटमध्ये दर ६ डेसिबलला साधारण एक बिट जातो, म्हणजे ३० डेसिबलला पाच. १९ उरतात, ते पुष्कळ झाले. पण इंटरफेसची स्वतःची खरखर तेवढीच राहते, आणि सॉफ्टवेअर अडकून एकदा पूर्ण आवाज सुटला की शेजारच्या रूमचे लोक दारात. हाताखाली खराखुरा नॉब हवाच.

आता पॅसिव्ह की अ‍ॅक्टिव्ह? पॅसिव्हमध्ये अँप्लिफायर नसतो, त्यामुळे स्वतःची खरखर जवळपास नाही आणि किंमतही कमी. त्याच्यावरचा आक्षेप असा, की लांब केबलवर तीव्र स्वर बोथट होतात. गणित करून बघू. पॉट १० किलोओहमचा धरला तर आउटपुट इम्पिडन्स जास्तीत जास्त सुमारे २.५ किलोओहम. केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर ५ मीटरला ५००. कटऑफ येतो सुमारे १२७ किलोहर्ट्झ, तिथे फक्त वटवाघळं! तीच केबल ३० मीटर केली तर २१ किलोहर्ट्झ, तेव्हा मात्र काळजी करा. आपल्या रूमची लांबी तुम्हाला ठाऊकच आहे.

अ‍ॅक्टिव्ह घ्यावा तो स्पीकरच्या दोन-तीन जोड्या, हेडफोन आणि गायकाशी बोलायला टॉकबॅक हवा असेल तर. मात्र 'अ‍ॅक्टिव्ह म्हणजे भारी' हा दुकानातला समज सोडा. त्यातही नॉबमागे साधा पॉट असेल तर रोग तोच. टप्प्याटप्प्याने फिरणारा स्टेप्ड अटेन्युएटर असेल तर दोन्ही बाजू चांगल्या जुळतात, पण खिसा हलका होतो.

मोनो बटण मात्र सोडू नका. ते दाबल्यावर गिटार पातळ झाली किंवा गायबच झाली, तर फेज चुकली आहे असं समजा. दुकानातच एक मोनो गाणं लावून नॉब अगदी खाली आणा. आवाज मधून हलला तर पेटी परत द्या. दुकानदार वैतागेल, पण पैसे तुमचे आहेत.

गायिकेला नवीन मिक्स दिलं आहे. अजून ऐकलं नाही म्हणते.