हवेवर तोललेली गाडी

खरवई हे बदलापूरजवळचे गाव. तेथील औद्योगिक वसाहतीत मालमोटारी व बसगाड्या नित्य ये-जा करतात. पूर्वी बहुतेक मोठ्या गाड्यांचे धूड पोलादी पाट्यांवर तोललेले असे. आता काही बसगाड्यांत त्यांच्या जागी हवेने फुगविलेल्या रबरी पिशव्या असतात. त्यामुळे प्रवाशांना धक्के कमी बसतात.

परंतु अशा गाडीचे चाक काढताना विशेष जपावे लागते. पिशवीतील हवा निघून गेली, की गाडीचे धूड खाली बसते. म्हणून कुशल कारागीर प्रथम प्रवाशांना उतरवितो, गाडी सपाट व टणक जमिनीवर घेतो आणि इतर चाकांना पाचरी लावतो. मग गाडीची उंची राखणारी यंत्रणा तो बंद करतो. नाही तर सांगाडा उचलला जाताच, उंची वाढली असे समजून ती पिशवीतील हवा सोडू लागते. चाकाचे नट थोडे सैल करून, नेमून दिलेल्या जागीच तो जॅक लावतो. भक्कम लोखंडी आधार दिल्यावाचून तो चाक काढीत नाही, आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरत नाही.

या तयारीस थोडा वेळ लागतो. पण घाई केली तर प्रसंगी प्राणास मुकावे लागते. हवा डोळ्यांना दिसत नाही. तरी तिच्यावर केवढा भार तोललेला आहे, हे शहाणा कारागीर क्षणभरही विसरत नाही.