रजोनिवृत्ती, संप्रेरके आणि टक्केवारी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकशास्त्रात डोके का घालावे, असे कोणी विचारील. या विषयातील बराचसा घोळ टक्केवारीने केलेला आहे, आणि टक्केवारी हा आमचाच प्रांत होय.

पाळी कायमची थांबणे म्हणजे रजोनिवृत्ती. अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटते. मग अंगातून वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप उडते. हाडेही ठिसूळ होत जातात. इस्ट्रोजेन बाहेरून दिले की हा त्रास बराच कमी होतो. अमेरिकेत १९४२ पासून त्याच्या गोळ्या मिळू लागल्या. त्या गाभण घोडीच्या मूत्रापासून काढीत. १९७५ मध्ये दिसून आले की, नुसते इस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. म्हणून गर्भाशय असलेल्या स्त्रीला जोडीला प्रोजेस्टोजेनही देतात.

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील एक मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली. तीत १६,६०८ स्त्रिया होत्या. दोन्ही संप्रेरके घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग २६ टक्के जास्त, ही बातमी जगभर झाली आणि असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. पण २६ टक्के कशाचे? दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला, नकली गोळी घेणाऱ्या ३० जणींना हा रोग झाला आणि खरी घेणाऱ्या ३८ जणींना. वाढ आठाची. त्याच हिशेबाने पक्षाघात आठने, फुप्फुसातील गुठळ्या आठने, हृदयविकार सातने वाढला. उलट खुब्याचे हाड मोडणे पाचने व मोठ्या आतड्याचा कर्करोग सहाने घटला. धोका खरा, पण २६ म्हटल्यावर मनात येतो तेवढा नव्हे.

शिवाय या स्त्रियांचे सरासरी वय होते ६३! साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांत, त्रास होणाऱ्या निरोगी स्त्रीने उपचार सुरू केल्यास फायद्याचे पारडे बहुधा जड, असे आज मानतात. स्तनाचा कर्करोग, गुठळी वा पक्षाघात होऊन गेलेल्या स्त्रीची गोष्ट वेगळी. तिला हे उपचार सहसा देत नाहीत.

आता आपल्याकडे पाहू. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, खाडा झाला की पैसे कापले जातात, फडात आडोसा नाही. मग पाळीची कटकट नको म्हणून पिशवीच काढली जाते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. शेकडा जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही गेली, तर पस्तिशीतच इस्ट्रोजेन एकदम बंद पडते, आणि हाडे व हृदय दोन्ही धोक्यात येतात. अशा स्त्रीला, अन्य अडचण नसल्यास, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत संप्रेरक द्यावे, असा वैद्यकाचा सल्ला आहे. गर्भाशय नसल्याने नुसते इस्ट्रोजेन पुरते. त्रेसष्टीच्या अमेरिकन बाईचे आकडे दाखवून तिला भिववणे म्हणजे एकाच्या खात्यावरची बाकी दुसऱ्याच्या नावे मांडणे.

आपल्या बारडोलीकडेही खानदेशातून तोडणीच्या टोळ्या येतात. त्यांतल्या एखादीचे असे ऑपरेशन झाले असेल, तर तिच्या कागदावर ‘अंडाशये ठेवली’ की ‘काढली’ एवढी ओळ हवी. त्यावाचून पुढच्या डॉक्टरला काहीच ठरवता येत नाही.