सूक्ष्म जीवांचें पोहणें

नांदेडास गोदावरींत पोहणारे लोक विद्यार्थ्यांनीं पुष्कळदां पाहिले असतील. पट्टीचा पोहणारा एकदां हात मारून स्वस्थ राहिला, तरी त्याचें शरीर कांहीं अंतर पुढें जातेंच. पदार्थाच्या या धर्मास जडत्व म्हणतात. परंतु जो जीव नुसत्या डोळ्यांस दिसतहि नाहीं, त्यास या धर्माचा उपयोग होत नाहीं. जीव जितका लहान, तितका त्यास पाण्याच्या चिकटपणाचा अडथळा अधिक. काकवीनें भरलेल्या हौदांत आपली जी अवस्था होईल, तीच त्याची साध्या पाण्यांत होते. जंतूनें शेपटी हालविण्याचें थांबविलें, कीं अणूच्या रुंदीइतकेंहि अंतर न जातां तो जागच्या जागीं थबकतो.

अशा ठिकाणीं एकच अवयव पुढें-मागें सारखा हालवून कांहीं साधत नाहीं. जितकें पुढें जावें, तितकेंच मागें यावें लागतें. एडवर्ड पर्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञानें इ. स. १९७७ मध्यें हें तत्त्व शिंपल्याच्या उघडझापीच्या दृष्टान्तानें समजाविलें. म्हणून असे जीव आपली शेपटी मळसूत्राप्रमाणें फिरवितात, किंवा तिच्यावरून एकाच दिशेनें लाट नेतात.

रक्त तर पाण्याहून तीन-चार पट चिकट. शिवाय त्याच्या एका घन मिलिमीटरांत सुमारें ५० लक्ष तांबड्या पेशी असतात. या दाटींतून वाट काढणारा एक जीव म्हणजे हिंवतापाचा जंतु होय. त्याचे वळवळणारे तंतु लाव्हरां या फ्रेंच वैद्यानें १८८० मध्यें अल्जीरियांत प्रथम पाहिले. हे तंतु म्हणजे त्या जंतूचीं नर-बीजें. ॲनॉफेलिस डांसाची मादी रोग्याचें रक्त प्याली, कीं तिच्या जठरांत दहा-पंधरा मिनिटांत एका नर-पेशींतून आठपर्यंत तंतु सुटतात आणि पोहत जाऊन मादी-बीज गांठतात. ही भेट घडली, तरच जंतु जठराच्या भिंतींत शिरून वाढूं लागतो. ती वाढ रोनाल्ड रॉस यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिली. नांदेड व लातूर त्या काळीं ज्या हैदराबाद संस्थानांत होतीं, तेथेंच हा शोध लागला. १९०२ मध्यें रॉस यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

या नर-बीजाची मादी-बीजाशीं गांठच पडूं नये, अशा लशीचे प्रयोग चालू आहेत. परंतु डांसच नसेल, तर या पोहणाऱ्यास पोहण्याची जागाच उरत नाहीं. आणि तें कार्य आपल्या हातीं आहे. लातुरास २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा प्रदेशांत घरोघर पाणी सांठविणें भागच असतें. मात्र उघड्या टाकींतील स्वच्छ पाण्यांतहि ॲनॉफेलिसच्या कांहीं जाती अंडीं घालतात, व सुमारें आठ-दहा दिवसांत त्यांचे डांस होतात. यास्तव आठवड्यांतून एक ‘कोरडा दिवस’ पाळून रांजण व टाक्या घांसून वाळवाव्या, आणि एरव्हीं त्यांवर घट्ट झांकण ठेवावें. पालकांनीं हा दिवस नेमून द्यावा व मुलांनीं तो चुकूं देऊं नये. एका झांकणानेंहि रोगाची सांखळी तुटूं शकते.