आईचं लंडनचं तिकीट काढताना

आईला लंडनला बोलावते आहेस, ऐकून फार बरं वाटलं गं. पण तिकीट काढायची घाई करू नकोस. स्वस्त काय ते मागाहून बघ. आधी आईला किती तास ताटकळावं लागणार, ते मोज.

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. दुबईवरून गेलं तर ७,४०० च्या आसपास. म्हणजे अंतरात जेमतेम दोनशेचा फरक! पण थेट विमान दहा-एक तासांत पोचवतं आणि दुबईत तीन तास थांबलं की तेच चौदाच्या घरात जातं. शिवाय दोनदा चढा-उतरायचं, पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहायचं. तेव्हा जमत असेल तर चार पैसे जास्त घाल, पण थेट विमानच घे. नाहीच जमलं, तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढ, म्हणजे सामान परस्पर लंडनला जाईल.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, हे विसरू नकोस. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, एरवी साडेपाच. समज, मे महिन्यात विमान दुपारी एकला निघालं आणि संध्याकाळी साडेसहाला उतरलं, तर प्रवास साडेपाच तासांचा नाही, दहा तासांचा झाला. परतीला मात्र तासभर वाचतो, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. आणि हे आकडे कायमचे धरू नकोस. वाटेतल्या एखाद्या देशाने आपलं आकाश बंद केलं की विमानाला वळसा पडतो. म्हणून आईला विमानतळावर घ्यायला घरातून निघण्याआधीच विमान कुठवर आलंय ते बघ.

आता औषधांचं. मे महिन्यात आली, तर जाताना आईचा दिवस साडेचार तासांनी लांबणार. बीपीची गोळी असो की इन्सुलिन, कुठला डोस किती वाजता घ्यायचा, ते डॉक्टरांना आधीच विचार. मग एका कागदावर भारतातली आणि लंडनची वेळ शेजारी-शेजारी ठळक अक्षरात लिहून दे. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच असू दे, मोठ्या बॅगेत नको. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेव, आई "मला कशाला?" म्हणेल, तरी सांग. विमानात मधूनमधून उठून चार पावलं चालायला आणि पाणी प्यायला बजाव.

पहिले काही दिवस ती रात्री दोनलाच उठून बसेल. काळजी करू नकोस, आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा झालेले असतात. पहिल्या आठवड्यात कुठे फिरायला नेऊ नकोस; आधी तिच्या झोपेची घडी बसू दे.