आधी लहर वाच, मग सोल्डरिंग आयर्न तापव

अहिल्यानगर

चि. भाच्यास,


नागापूर एमआयडीसीतल्या तुझ्या बेंचवरचा जुना ऑसिलेटर साइन वेव्ह वाकडी देतो आणि दोन आयसी बदलूनही फरक नाही, असं तू लिहिलंस. तिसरा कोणता बदलू हे मी सांगणार नाही. लहर कशी बिघडली यावरूनच बिघाड कुठे आहे ते कळतं, आणि ते पाहिल्याशिवाय एकही भाग काढू नये, हे मात्र सांगेन. सुरुवात स्वतःच्या मोजमापावर संशय घेऊन कर. स्कोपवरच्या कॅलिब्रेशनच्या चौकोनी लहरीवर प्रोब जुळवून घे, ग्राउंडची क्लिप नीट बसली आहे का पाहा, आणि दुसऱ्या चांगल्या जनरेटरची साइन त्याच प्रोबने बघ. तीही वाकडी दिसली तर दोष तुझ्या मोजण्यात आहे. ती सरळ दिसली तर ऑसिलेटरवरचा लोड काढ. लोड काढताच लहर सुधारली तर मूळ ऑसिलेटरला हात लावू नकोस, आउटपुट अ‍ॅम्प्लिफायर तपास.

आता आकाराकडे ये. तुझा ऑसिलेटर वीन ब्रिज प्रकारचा असेल, तर दोलन टिकून राहायला अ‍ॅम्प्लिफायरचा गेन बरोबर 3 लागतो. कमी पडला तर दोलन विझतं, जास्त झाला तर ते वाढत जाऊन सप्लायला टेकतं. विल्यम ह्यूलेट यांनी 1939 च्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधात हा पेच एका छोट्या दिव्याने सोडवला: आउटपुट वाढलं की फिलामेंट तापतं, त्याचा रोध वाढतो आणि गेन आपोआप 3 वर येतो. म्हणून दोन्ही टोकं सारखीच चपटी दिसली तर संशय या गेन सांभाळणाऱ्या भागावर घे. दिव्याच्या जागी कुणी साधा रेझिस्टर तर टाकला नाही ना, ते पाहा. एकच टोक कापलं जात असेल तर दोन्ही सप्लाय आणि बायस मोज. कमी फ्रीक्वेन्सीला गोल असलेली लहर वर गेल्यावर त्रिकोणी होत असेल तर आयसीचा स्ल्यू रेट कमी पडतो आहे. 741 या ऑप-अ‍ॅम्प आयसीचा तो साधारण 0.5 व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे, त्यामुळे 10 व्होल्ट शिखराची साइन तो सुमारे 8 किलोहर्ट्झच्या पुढे नीट देऊच शकत नाही. तसाच नवा 741 लावून काय होणार? लहरीची उंची हलत असेल तर स्कोपचा ट्रिगर 'लाइन'वर टाक. हलणारी किनार तिथे स्थिर झाली तर तो मेन्सचा रिपल आहे; फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर तो 100 हर्ट्झचा असतो. मग फिल्टर कॅपॅसिटर बघ.

तू म्हणशील, आयसी स्वस्त आहे, वेळ महाग. बदलून पाहिलेलं काय वाईट? पण प्रत्येक बदलाबरोबर ट्रॅक उचलला जाण्याचा, पिन उलटी लागण्याचा धोका वाढतो, आणि मूळ दोषात तुझा दोष मिसळला की खुणाच पुसल्या जातात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजचे जनरेटर डिजिटल पद्धतीने लहर बनवतात, मग दिव्याचं हे ज्ञान कशाला? दिवा गेला हे खरं. पण पॉवर सप्लाय, फिल्टर, आउटपुट अ‍ॅम्प्लिफायर आणि प्रोब आजही आहेत, आणि चपटं टोक आजही मर्यादा ओलांडल्याचंच सांगतं.

हा आग्रह यासाठी, की बेंचवरच्या यंत्रावरून इतर माल पास किंवा नापास होतो. आपल्याच गावात व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे, तिथे वाहनांची ईएमसी (विद्युतचुंबकीय अनुरूपता) चाचणी होते. अशा चाचणीत स्रोताच्या सिग्नलमध्ये हार्मोनिक मिसळलेले असतील, तर यंत्र नेमकं कोणत्या फ्रीक्वेन्सीला बिघडलं हेच चुकीचं नोंदलं जाईल. म्हणून सप्लाय, लोडविना आउटपुट आणि मूळ ऑसिलेटर या क्रमाने मोज, प्रत्येक जागची लहर वहीत काढ, आणि एका वेळी एकच बदल कर. कारण सांगता आलं नाही तर दुरुस्ती झाली असं मानू नकोस, लहर सरळ दिसत असली तरी.

तुझा,
मामा