ऑर्डर दिली म्हणजे माल आला असं नाही: 1915 सालचं एक खरेदी खातं



परवाच्या व्हिडिओत तोफगोळ्यांचं उदाहरण मी अगदी घाईत उरकलं, वेळच संपला होता. पण त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले, म्हणून इथे नीट लिहितोय. भोसरीतल्या एका उद्योजकाचा प्रश्न तर थेट होता: "सर, मी सगळ्या पीओ वेळेत काढतो, तरी महिनाअखेरीला माझी असेंब्ली अडकतेच. चूक कुठे होते?"

हीच चूक एका साम्राज्याच्या लष्करी खरेदी खात्यानं केली होती. किंमत मात्र माणसांच्या जिवानं मोजावी लागली.

9 मे 1915. उत्तर फ्रान्समध्ये ओबेरच्या उंचवट्यावर ब्रिटिश फौजेनं हल्ला केला. त्यात आपली, म्हणजे हिंदी फौजेची मेरठ डिव्हिजनही होती. आधी फक्त 40 मिनिटं तोफा चालल्या. मातीचे जाड बांध फोडायला स्फोटक गोळे लागतात, तेच कमी होते. जर्मन मशीनगना शाबूत राहिल्या. एका दिवसात मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून सुमारे 11 हजार माणसं गेली. पाच दिवसांनी लंडनच्या 'टाइम्स'नं गोळ्यांच्या टंचाईची बातमी छापली आणि सरकार हादरलं.

आता गंमत बघा (गंमत म्हणायला जीभ अडखळते, पण असो). खात्यानं ऑर्डर दिल्या नव्हत्या का? दिल्या होत्या, भरपूर दिल्या होत्या. पण त्या ठरलेल्या मोजक्या जुन्या कंपन्यांनाच. यादीबाहेरच्या वर्कशॉपला गोळे बनवता येतील यावर खात्याचा विश्वास नव्हता. त्या कंपन्यांनी झेपेल त्यापेक्षा जास्त माल कबूल केला, पुढे तो सब-काँट्रॅक्टला दिला आणि तारखा घसरत गेल्या. त्यात आणखी एक घोळ. याच युद्ध खात्याची सैन्यभरती जोरात चालली होती आणि लेथवरचे कुशल टर्नर उत्साहानं फौजेत नाव घालत होते. म्हणजे गोळे मागणारं खातं आणि गोळे बनवणारा कामगार उचलून नेणारं खातं एकच! आपल्याकडेही सेल्सवाला नवीन ऑर्डर घेऊन येतो आणि त्याच आठवड्यात प्रॉडक्शनचा माणूस दुसऱ्या साइटवर पाठवलेला असतो, तसंच हे.

जून 1915 मध्ये गोळा-दारूगोळ्याची खरेदी या खात्याकडून काढून नवं मंत्रालय उभं केलं. मंत्री लॉइड जॉर्ज. त्यांना मिळालेल्या ऑफिसात टेबल-खुर्चीपलीकडे फारसं काही नव्हतं. पैसे मिळवण्यापेक्षा गालिचा मिळवायला जास्त भांडावं लागलं, असं ते पुढे गमतीनं सांगायचे. त्यांनी नुसते अधिकारी बदलले नाहीत, धंदा केलेली माणसं आणली. त्यातला एरिक गेडीस हा रेल्वे कंपनीतला. माल कुठे अडकतो हे ओळखणं हाच त्याचा पेशा.

मग देशाचे विभाग पाडले आणि प्रत्येक विभागात स्थानिक इंजिनिअरिंगवाल्यांची मंडळं नेमली. कुणाकडे कोणतं मशीन आहे, त्यावर कोणता जॉब बसेल, हे लंडनमध्ये बसून कळत नाही. शेजारच्या कारखानदाराला ते तोंडपाठ असतं. आधी कधीच गोळा न बनवलेली वर्कशॉप अशी कामाला लागली. शिवाय सरकारनं स्वतःचे कारखानेही काढले.

खरा धडा मात्र पुढे आहे. तोफगोळा ही एक वस्तू नाही. पोलादी कवच, त्यावरचा तांब्याचा पट्टा, नाकावरचा फ्यूज, आतली स्फोटक भरणी, मागचं काडतूस. कवचं भराभर यायला लागली, पण फ्यूज आणि भरणी मागे पडली. रिकाम्या कवचांचा ढीग साचला. कागदावर "लाखो गोळे", तोफेजवळ काही नाही. म्हणून भरणीचे वेगळे कारखाने उभारावे लागले आणि पुढे ही अडलेली बाजू गेडीसच्याच गळ्यात टाकली. वॉल्टर लेटन या अर्थतज्ज्ञानं आकडेवारीचं काम हातात घेतलं. दर आठवड्याला अहवाल निघू लागला. माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम हेच.

किमतींचंही तसंच. आधी कंपनी सांगेल तो भाव. मंत्रालयानं हिशेबनीस बसवून कॉस्टिंग मागायला सुरुवात केली आणि सरकारी कारखान्यांमुळे खरा खर्च किती ते हातात आलं. लॉइड जॉर्ज यांनी 1919 मध्ये संसदेत सांगितलेले आकडे असे: 18 पौंडी तोफेचा गोळा 22 शिलिंग 6 पेन्सवरून 12 शिलिंगवर आला, लुइस मशीनगन 165 पौंडांवरून 35 पौंडांवर. आकडे त्यांचेच, स्वतःची पाठ थोपटतानाचे, हे लक्षात ठेवा. पण पद्धत खरी होती.

एक बाजू राहिली, ती व्हिडिओत मी सांगितलीच नाही. जुन्या खात्याचे मुख्य अधिकारी फॉन डोनॉप यांना सगळ्यांनी खलनायक केलं. त्यांचं म्हणणं काय होतं? नवख्या वर्कशॉपचा माल घाईनं घेतला तर क्वालिटी जाईल. 1916 च्या जुलैत सोमच्या लढाईआधी ब्रिटिशांनी आठवडाभर सुमारे 15 लाख गोळे डागले. त्यातले खूप गोळे फुटलेच नाहीत, काही तर तोफेच्या नळीतच फुटले. आजही तिथले शेतकरी नांगरताना न फुटलेले गोळे बाहेर काढतात. म्हणजे म्हातारा अगदीच चुकीचा नव्हता. नवे सप्लायर जोडताना गेज, तपासणी आणि शिकवणी आधी जोडायला हवी होती, ती मागाहून आली.

भोसरीच्या त्या मित्राला मी फोनवर जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. पीओची फाइल बंद करा आणि एक साधी शीट उघडा. सगळ्यात जास्त अडकणारं एकच प्रॉडक्ट घ्या. प्रत्येक पार्टसमोर चार रकाने: कबूल किती, आले किती, तपासून पास किती, आणि आज यातून पूर्ण नग किती बनतील. शेवटच्या रकान्यातला सगळ्यात छोटा आकडा लाल करा. त्याच्या शीटवर लाल आकडा निघाला प्लेटिंगचा. तिथे ऑर्डर वेळेतच गेली होती, पण प्लेटिंगवाल्याकडे हा माल दोन आठवडे पडून राहतो हे पर्चेसच्या मुलाला माहीत होतं आणि मालकाला नव्हतं. सोमवारी सकाळी शीट भरा, आणि भरताना पर्चेसवाल्यासोबत प्रॉडक्शनवाल्यालाही शेजारी बसवा.